मैत्रीचा सौदा आणि मैत्रीची किंमत : अमेरिकी पल्प रहस्यकथेतील खासगी गुप्तहेर (१९२०–१९५३)

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील स्वस्त कथामासिकांतून खासगी गुप्तहेराची जी कथा घडत गेली, तिच्यात एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. गुप्तहेराचा मित्र, भागीदार किंवा जुना सोबती मारला जातो अथवा खुनाच्या संशयात अडकतो, आणि ज्याचे पोटच रोजच्या फीवर चालते अशा माणसाला, कोणी अशील नसताना आणि कोणी पैसे देणार नसताना, पदरमोड करून तपास हाती घ्यावा लागतो. कथानकाला वेग आणण्याची एक सोयीस्कर युक्ती म्हणून हा प्रसंग बाजूला सारता येईल. परंतु त्याच्यामागे अमेरिकेतील खासगी गुप्तहेरीच्या धंद्याचा खराखुरा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासात गुप्तहेर हा मित्राचा रक्षक म्हणून क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा तो मित्राचे सोंग घेऊन आलेला फितूर असतो. पल्प लेखकांनी हे चित्र उलटे केले, आणि ते ज्या क्रमाने उलटे होत गेले त्यात दारूबंदी, महामंदी, दुसरे महायुद्ध आणि शीतयुद्ध या चारही पर्वांच्या खुणा उमटल्या.

या धंद्याचा पाया १८५०च्या सुमारास शिकागो शहरात ॲलन पिंकर्टन या स्कॉटिश स्थलांतरिताने घातला. त्या काळी संघराज्याचे स्वतंत्र तपास खाते नव्हते आणि एका राज्याच्या पोलिसांचा अधिकार दुसऱ्या राज्यात चालत नसे, त्यामुळे रेल्वे कंपन्या आणि बँका यांना सीमा ओलांडून चोरांचा माग काढणाऱ्या खासगी संस्थेची गरज होती, आणि सताड उघडा डोळा हे बोधचिन्ह असलेल्या पिंकर्टनच्या संस्थेने ती भागवली. गृहयुद्धानंतर मात्र खाणी आणि कारखाने यांचे मालक तिचे मोठे गिऱ्हाईक झाले, व चोर पकडण्याइतकेच कामगारांमध्ये माणसे पेरणे हे तिचे मुख्य काम बनले. १८७३मध्ये जेम्स मॅकपार्लंड हा पिंकर्टनचा हस्तक ‘जेम्स मॅकेना’ हे नाव धारण करून पेन्सिल्वेनियातील कोळसा खाणींच्या मुलखात शिरला आणि ‘मॉली मॅग्वायर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश खाणकामगारांच्या गुप्त गटाचा विश्वास संपादन करून सुमारे तीन वर्षे त्यांच्यातलाच एक होऊन राहिला. पुढे न्यायालयात त्याने दिलेली साक्ष निर्णायक ठरली आणि १८७७ ते १८७९ या काळात वीस जणांना फाशी झाली. या गटाने खरोखर किती खून केले याबद्दल इतिहासकारांत मतभेद असले, तरी मॅकपार्लंडच्या कामाचे स्वरूप वादातीत आहे: मैत्री हे त्याचे हत्यार होते आणि त्या मैत्रीचा त्याला पगार मिळत होता. आर्थर कॉनन डॉइलने १९१५च्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीत हीच घटना वापरली, पण तेथे घुसखोर गुप्तहेर हा निर्विवाद नायक आहे.

अमेरिकी कामगारांच्या आठवणीत त्याला असे स्थान कधीच मिळाले नाही. १८९२मध्ये होमस्टेड येथील कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली, तेव्हा मालकांच्या बाजूने सुमारे तीनशे पिंकर्टन शिपाई नदीमार्गे आणले गेले आणि कामगारांशी त्यांची रक्तरंजित चकमक उडाली. त्यानंतरही कामगार संघटनांमध्ये हेर पेरण्याचा व्यवसाय चार दशके चालू राहिला, आणि १९३६पासून सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांच्या समितीने त्याची जाहीर चौकशी सुरू केल्यावर १९३७मध्ये पिंकर्टन संस्थेने हे काम बंद करण्याचा ठराव केला. पल्प रहस्यकथेचा बहराचा काळ नेमका या चौकशीच्या आधीचा आणि तिच्या आसपासचा आहे, त्यामुळे खासगी गुप्तहेर म्हटल्यावर त्या काळच्या कष्टकरी वाचकाच्या मनात आदराइतकाच संशयही जागा होत असला पाहिजे.

ज्या मासिकांतून ही कथा वाढली त्यांना ‘पल्प’ हे नाव त्यांच्या कागदामुळे पडले. लाकडाच्या लगद्यापासून केलेला हा जाडाभरडा कागद स्वस्त असे, पण लवकर पिवळा पडे आणि त्याचे तुकडे होत. फ्रँक मन्सी या प्रकाशकाने १८९६मध्ये आपले ‘आर्गसी’ हे मासिक अशा कागदावर केवळ कथांना वाहिलेले करून दहा सेंटला विकायला सुरुवात केली, आणि त्याचे यश पाहून पाश्चिमात्य साहसकथा, प्रेमकथा, समुद्रकथा असे एकेक प्रकार वाटून घेणारी मासिके निघाली. सुमारे सात इंच रुंद आणि दहा इंच उंच आकार, न कापलेल्या कडा, आणि आतल्या खरखरीत पानांना झाकणारे भडक रंगांचे गुळगुळीत मुखपृष्ठ असे त्यांचे रूप ठरून गेले. १९१५मध्ये स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’ काढून गुन्हेगारी कथेला स्वतंत्र घर दिले. लेखकाला मोबदला शब्दांवर मिळे आणि नवख्याचा दर बहुधा शब्दामागे एक सेंट असे, म्हणून ज्याला यावर जगायचे त्याला भराभर लिहिण्यावाचून गत्यंतर नसे.

१९२०च्या एप्रिलमध्ये निघालेले ‘ब्लॅक मास्क’ हे मासिक या गर्दीतलेच एक होते. एच. एल. मेंकेन आणि जॉर्ज जीन नेथन या दोन प्रतिष्ठित समीक्षकांनी ‘द स्मार्ट सेट’ या आपल्या वाङ्मयीन मासिकाचा तोटा भरून काढण्यासाठी ते काढले आणि अवघ्या आठ अंकांनंतर भरपूर नफा घेऊन विकून टाकले. त्याच वर्षाच्या जानेवारीत देशभर दारूबंदी लागू झाली होती. बंदीमुळे दारू संपली नाही, तिचा व्यापार टोळ्यांच्या हाती गेला, आणि त्या पैशाने पोलीस, न्यायाधीश व नगरपालिका विकत घेतल्या जाऊ लागल्या. इंग्लंडमधील वाड्यात घडणाऱ्या आणि बुद्धीच्या जोरावर उलगडणाऱ्या खुनाच्या कथा या वास्तवापुढे अपुऱ्या पडू लागल्या, आणि कॅरल जॉन डॅलीने १९२३मध्ये रेस विल्यम्स हा पिस्तुलावर भिस्त ठेवणारा गुप्तहेर आणला तेव्हा वाचकांनी तो उचलून धरला. कोरडी, भावना आवरून धरणारी भाषा, रस्त्यावरचे बोलणे, उघड हिंसा आणि कायद्याच्या यंत्रणेवरचा अविश्वास ही या ‘हार्ड-बॉइल्ड’ म्हटल्या जाणाऱ्या शैलीची लक्षणे डॅलीकडे ओबडधोबड रूपात दिसतात.

त्यांना वाङ्मयीन रूप दिले ते डॅशिएल हॅमेटने, आणि त्याच्याकडे या धंद्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. १८९४मध्ये मेरीलँडमध्ये जन्मलेला हॅमेट १९१५मध्ये पिंकर्टनच्या बाल्टिमोर कचेरीत नोकरीला लागला. मध्ये काही काळ सैन्यात गेल्यावर त्याला क्षयाने गाठले, आणि १९२२मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने ही नोकरी कायमची सोडली. पुढल्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘ब्लॅक मास्क’मध्ये त्याचा ‘कॉन्टिनेंटल ऑप’ अवतरला. ‘ऑप’ म्हणजे गुप्तहेर संस्थेचा क्षेत्रीय कर्मचारी. हा जाडसर, मध्यमवयीन माणूस इतका नोकरदार आहे की हॅमेट त्याला नावही देत नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागायचे, म्हणजे संस्थेच्या अशिलाचे काम पुरे करायचे, एवढीच त्याची नीती आहे. १९२९मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या ‘रेड हार्वेस्ट’मध्ये ही नीती कोसळण्याच्या बेतात येते. खाणमालकाने संप मोडण्यासाठी बोलावलेल्या टोळ्यांनी शहरच गिळले आहे, ऑप त्या टोळ्यांना एकमेकींवर सोडतो, आणि शेवटी त्याचा एक सहकारीच त्याच्यावर खुनाचा संशय घेतो, तेव्हा ऑप त्याला सरळ परत पाठवून देतो. संपफोडीच्या धंद्यात काम केलेल्या लेखकाने त्या धंद्याची फळे दाखवली, आणि त्यातच सहकाऱ्यांमधला विश्वास किती नाजूक असतो हेही नोंदवले.

१९२६मध्ये जोसेफ शॉ हा निवृत्त सैनिकी कप्तान ‘ब्लॅक मास्क’चा संपादक झाला. हॅमेटची काटकसरी भाषा त्याने आदर्श म्हणून इतर लेखकांपुढे ठेवली, आणि १९३०च्या सुमारास मासिकाचा खप एक लाखाच्या घरात गेला. याच मासिकात सप्टेंबर १९२९पासून ‘द माल्टीज फाल्कन’ क्रमशः छापली गेली, आणि तिच्यात अडचणीतल्या सोबत्याच्या प्रसंगाला प्रथमच पेचदार रूप मिळाले. सॅम स्पेडचा भागीदार माइल्स आर्चर सुरुवातीलाच मारला जातो. स्पेडला तो मुळीच आवडत नव्हता, त्याच्या बायकोशी स्पेडचे संबंध होते, आणि खुनानंतर लगेच तो कचेरीच्या दारावरचे आर्चरचे नाव पुसून टाकायला सांगतो. असे असूनही खून जिने केला त्या स्त्रीला, जिच्यावर आपले कदाचित प्रेम आहे असे त्याला वाटते, तो पोलिसांच्या हवाली करतो, आणि त्याची कारणे मांडताना भागीदार मारला गेला की काहीतरी करणे भागच असते हे कारण सर्वांत आधी सांगतो. येथे निष्ठा जिव्हाळ्यातून येत नाही. ती व्यवहारातून येते: एकाचा खून पचला तर या धंद्यातल्या कोणाचीच धडगत नाही. मैत्रीचा लवलेश नसलेली ही निष्ठा हॅमेटला अधिक विश्वासार्ह वाटत होती, असे या कादंबरीवरून दिसते.

खरी मैत्री त्याने ‘द ग्लास की’ या पुढच्या कादंबरीत तपासली. ती १९३०मध्ये ‘ब्लॅक मास्क’मध्ये आणि १९३१मध्ये पुस्तकरूपाने आली. तिचा नायक नेड बोमाँट हा व्यवसायाने गुप्तहेर नाही, जुगारी आहे, आणि एका शहराचे राजकारण मुठीत ठेवणाऱ्या पॉल मॅडविगचा उजवा हात आहे. निनावी पत्रांतून एका सिनेटरच्या मुलाच्या खुनाचा संशय मॅडविगवर वळवला जातो, आणि नेड सरकारी वकिलाच्या कचेरीतून मिळवलेल्या विशेष तपासनिसाच्या पदाच्या आडोशाने मित्राला सोडवू पाहतो. विरोधी टोळी त्याला कोंडून ठेवून दिवसेंदिवस मारहाण करते, पण तो मॅडविगविरुद्ध एक शब्दही बोलत नाही. या प्रकारच्या साहित्यात मित्रासाठी सोसलेल्या छळाचे इतके कोरडे आणि इतके अंगावर येणारे वर्णन विरळाच सापडेल. तरीही शेवट गोड नाही. खुनी खुद्द सिनेटरच निघतो, मॅडविग निर्दोष ठरतो, पण तो जिच्यासाठी झुरत होता ती सिनेटरची मुलगी नेडबरोबर शहर सोडते आणि ज्या मैत्रीसाठी एवढे सोसले ती तुटते. मॅकपार्लंडने मित्रांना फासावर चढवून कीर्ती मिळवली होती, तर नेड मित्राला वाचवून मित्राला मुकतो.

हॅमेट १९३४नंतर कादंबऱ्या लिहीनासा झाला, आणि त्याची जागा घेणारा रेमंड चँडलर महामंदीने या क्षेत्रात आणला. शिकागोत जन्मून इंग्लंडमध्ये शिकलेला चँडलर लॉस एंजेलिसमध्ये तेल कंपनीत वरच्या पदावर होता. मद्यपान आणि गैरहजेरी यांमुळे १९३२मध्ये नोकरी गेल्यावर, उतारवयाकडे झुकताना, त्याने पल्प मासिकांसाठी लिहिण्याचे ठरवले. डिसेंबर १९३३च्या ‘ब्लॅक मास्क’मध्ये आलेल्या पहिल्या कथेवर त्याने पाच महिने घालवले आणि तिचे त्याला १८० डॉलर मिळाले, यावरून भराभर लिहिण्याच्या या बाजारात तो किती परका होता हे कळते. १९३९च्या ‘द बिग स्लीप’मध्ये फिलिप मार्लो हा त्याचा नायक दिवसाला पंचवीस डॉलर आणि खर्च एवढ्या दराने ब्लॅकमेलचे प्रकरण हाती घेतो, पण कथेचा गाभा बेपत्ता रस्टी रेगन आहे. तो म्हाताऱ्या जनरलचा जावई आणि त्याच्या एकाकी दिवसांचा एकमेव सोबती असतो. काय झाले हे शोधून काढल्यावरही मार्लो ते जनरलपासून लपवून ठेवतो. पुढे १९४४च्या डिसेंबरमध्ये ‘अटलांटिक मंथली’त लिहिलेल्या निबंधात चँडलरने आपल्या गुप्तहेराची कल्पना मांडली: गलिच्छ जगात वावरूनही स्वतः गलिच्छ न होणारा, गरीब, स्वाभिमानी आणि एकटा माणूस. या एकटेपणाची परीक्षा त्याने अजून घेतली नव्हती.

दरम्यान दुसऱ्या महायुद्धाने मैत्रीचा अर्थही बदलला आणि वाचनाचा बाजारही. युद्धकाळातील कागदटंचाईने पल्प मासिके खचली आणि १९३९पासून पंचवीस सेंटला मिळणाऱ्या खिशात मावणाऱ्या पेपरबॅक पुस्तकांनी त्यांचा वाचक ओढून घेतला. हा वाचक आता आघाडीवरून परतलेला सैनिक होता. मिकी स्पिलेनच्या १९४७च्या ‘आय, द ज्युरी’मध्ये गुप्तहेर माइक हॅमरचा मित्र जॅक विल्यम्स मारला जातो. पॅसिफिकमधील लढाईत हॅमरला वाचवताना या मित्राने आपला हात गमावला होता. त्याच्या प्रेतापाशी हॅमर शपथ घेतो की खुन्याला न्यायालयापुढे जाऊ देणार नाही, स्वतःच संपवीन, आणि खुनी आपली प्रेयसीच आहे हे कळल्यावरही तो शपथ पाळतो. स्पेडने आपल्या प्रेयसीला कायद्याच्या हवाली केले होते, तर हॅमर कायद्याला वाटेतूनच दूर करतो. पेपरबॅक आवृत्तीच्या लाखो प्रती खपल्या. हॅमेटकडे प्रश्न असलेली निष्ठा येथे उत्तर झाली, आणि मित्राचे नाव घेतले की कोणतीही हिंसा समर्थनीय ठरू लागली.

याच सुमारास निष्ठेचा प्रश्न पुस्तकाबाहेर येऊन उभा राहिला. शीतयुद्धाच्या वातावरणात चौकशी समित्या नागरिकांना आपल्या साथीदारांची नावे सांगायला भाग पाडत होत्या, आणि नाव सांगणाराच विश्वासार्ह देशभक्त ठरत होता. हॅमेट हा सिव्हिल राइट्स काँग्रेस या डाव्या संघटनेच्या जामीन निधीचा विश्वस्त होता. शिक्षा झालेले कम्युनिस्ट नेते हजर व्हायचे त्या दिवशी, म्हणजे जुलै १९५१मध्ये, त्यांच्यापैकी चौघे जामिनावरून फरारी झाले, तेव्हा निधीला पैसे कोणी दिले हे न्यायालयाने हॅमेटला विचारले. त्याने उत्तर देण्याचे नाकारले आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल झालेल्या सहा महिन्यांच्या शिक्षेपैकी सुमारे पाच महिने तुरुंगात काढले. त्याच्या पात्रांवरचे रेडिओ कार्यक्रम बंद पडले आणि आयकर खात्याच्या मागण्यांनी त्याची उरलीसुरली मिळकत गेली. खबरी पुरवणाऱ्या संस्थेत तरुणपण घालवलेल्या लेखकाने उतारवयात खबर देण्याचे नाकारले, आणि नेड बोमाँटने कादंबरीत मोजलेली किंमत स्वतः मोजली.

चँडलरच्या १९५३मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या ‘द लाँग गुडबाय’चा या घटनेशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, पण ती त्याच हवेत लिहिली गेली. मार्लोची एका दारूड्या, चेहऱ्यावर व्रण असलेल्या, सभ्य टेरी लेनॉक्सशी मैत्री जमते, आणि दोघे संध्याकाळी एका शांत बारमध्ये बसतात. एका पहाटे टेरी पिस्तूल घेऊन येतो आणि मार्लो फार न विचारता त्याला मेक्सिकोत पोहोचवतो. टेरीच्या श्रीमंत बायकोचा खून झाल्याचे उघड होते, पोलीस मार्लोला मारहाण करतात, आणि तोंड उघडत नाही म्हणून तो कोठडीत राहतो. टेरीने कबुलीजबाब लिहून आत्महत्या केल्याची बातमी आली तरी मार्लोचा त्यावर विश्वास बसत नाही. टेरीने पाठवलेली पाच हजार डॉलरची नोट तो मोडत नाही, आणि श्रीमंत सासरा, पोलीस व टेरीने युद्धात ज्यांचा जीव वाचवला होता ते टोळीवाले या सर्वांनी धमकावूनही तो शोध सोडत नाही. चँडलर हे लिहीत होता तेव्हा त्याची पत्नी सिसी दीर्घ आजाराने खंगत होती. पहिला मसुदा वाचून त्याच्या साहित्यिक एजंटांनी मार्लो फार हळवा झाला आहे असा आक्षेप घेतला, तेव्हा दुखावलेल्या चँडलरने त्यांच्याशी असलेला व्यवहारच तोडला.

आक्षेप घेणाऱ्यांच्या नजरेतून जे निसटले ते कादंबरीच्या शेवटात आहे. खून टेरीने केलाच नव्हता, तो युद्धकाळात त्याची पत्नी असलेल्या आयलीन वेडने केला होता, म्हणजे मार्लोचा विश्वास सार्थ ठरतो. परंतु टेरी मेलेलाही नसतो. शस्त्रक्रियेने चेहरा बदलून, दुसरे नाव घेऊन तो मार्लोला भेटायला येतो आणि मैत्री पुन्हा सुरू व्हावी अशी अपेक्षा धरतो. त्याच्या मौनामुळे आयलीनचा नवरा मेला आणि मार्लोने मार खाल्ला, आणि टेरी मात्र सुखरूप राहिला. मार्लो त्याला पकडून देत नाही, शिक्षाही करत नाही, फक्त मैत्री नाकारतो. मित्राला न विकणे आणि मित्राला माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकारच्या कथेने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले.

तोवर मूळ मासिकांचे युग संपले होते. स्ट्रीट अँड स्मिथने आपली बहुतेक पल्प मासिके १९४९मध्ये बंद केली आणि ‘ब्लॅक मास्क’ १९५१मध्ये थांबले. त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न मात्र मिटला नाही. रॉबर्ट ऑल्टमनने १९७३मध्ये ‘द लाँग गुडबाय’वर चित्रपट केला, त्याची पटकथा स्वतः पल्प लेखिका असलेल्या ली ब्रॅकेटने लिहिली, आणि त्यात टेरीच खुनी ठरतो व मार्लो त्याला गोळी घालतो. मित्राने फसवले तर काय करायचे या प्रश्नाला स्पिलेनचे उत्तर चँडलरच्या कथेला जोडण्यासारखे हे होते. दोन्ही शेवट शेजारी ठेवले की चँडलरच्या निर्णयाचे वजन कळते. ज्या धंद्याने मैत्री विकून आपला जम बसवला होता, त्या धंद्यातल्या माणसाला त्याने मैत्री विकण्याची सवलत दिली नाही आणि मैत्रीच्या नावाने सूड घेण्याचीही दिली नाही, आणि पल्प रहस्यकथेने निष्ठेविषयी जे काही सांगितले त्यात याच्यापुढे जाणारे फारसे काही नाही.